भीती कुठल्या फ्रेमवर येते

सावदा, फैजपूर, निंभोरा, रावेर या पट्ट्यात ज्याची शेती आहे त्याला ‘आज रात्रीची लाइट आहे’ या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. शेतीपंपाची थ्री फेज वीज कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्री आली की बॅटरी घेऊन बागेत जायचं, कुठल्या तुकड्यात पाणी चाललंय ते बघायचं, व्हॉल्व्ह बदलायचा आणि परत यायचं. वाढलेल्या केळीच्या बागेत दहा पावलं आत गेलं की आकाश दिसेनासं होतं. मग उरतात ते आवाज. वाऱ्यानं चिरलेली पानं एकमेकांवर घासतात. खोडाला लोंबणारं वाळकं पान हललं की खळ घातलेले कडक कपडे घालून कुणीतरी चालतंय असं वाटतं. दवाचा थेंब वरच्या पानावरून खालच्या पानावर पडतो आणि तोही पावलासारखा ऐकू येतो. सातपुड्याच्या बाजूनं बिबट्या उतरल्याच्या बातम्या डोक्यात असतातच.

माझ्या भाच्यानं आणि त्याच्या दोन मित्रांनी दिवाळीच्या सुट्टीत याच बागेत सात मिनिटांचा भयपट केला. कॅमेरा मोबाइलचा, उजेड दोन बॅटऱ्यांचा, गोष्ट साधी: वडील आजारी म्हणून मुलगा एकटा पाणी भरायला जातो आणि बागेच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी व्हॉल्व्ह फिरवत असतं. नाव ठेवलं ‘रात्रीची लाइट’. चित्रण मला फार आवडलं. मग त्यांनी ते जोडलं, सुरुवातीला रक्त ठिबकणाऱ्या अक्षरांत नाव टाकलं, नेटवरून घेतलेलं एक घुमणारं संगीत पहिल्या क्षणापासून शेवटच्या क्षणापर्यंत पसरलं आणि घरी सगळ्यांना बसवून दाखवलं. कुणीही दचकलं नाही. भाचा म्हणाला, “मामा, शूट करताना आम्हाला खरंच भेव वाटलं होतं. इथं का नाही वाटत?” उत्तर माझ्या आईनं दिलं, “एवढं वाजवलं तं भूतबी पयी जाईन.”

त्यानंतरचे आठ दिवस आम्ही फक्त दोन गोष्टींवर घालवले, अक्षरं आणि आवाज. चित्रातला एकही तुकडा पुन्हा टिपला नाही. हे प्रकरण त्या आठ दिवसांत मला जे कळलं त्याचं आहे.

स्वतःच्या गावात स्वतःचा सिनेमा करायची वाट आपल्या भागाला नवी नाही. खान्देशाच्या वेशीवरच्या मालेगावात, यंत्रमागांच्या खडखडाटात, शेख नासिर यांनी २०००च्या सुमारास ‘मालेगाव के शोले’ केला. ते व्हिडिओ पार्लर चालवत. सिनेमा शिकले ते रोज दाखवून आणि बघून. हातात व्हीएचएस कॅमेरा आणि संकलनाला व्हीसीआर. खर्च सुमारे पन्नास हजार रुपये सांगितला जातो. पुढं फैजा अहमद खान यांनी त्यांच्यावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला आणि २०२४ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ आला.

व्हीसीआरवरचं संकलन म्हणजे एका यंत्रात मूळ टेप लावायची, दुसऱ्यात कोरी, आणि हवा तेवढा तुकडा उतरवत जायचा. मधला एखादा तुकडा दोन सेकंदांनी कमी करावासा वाटला, तर तिथून पुढचं सगळं पुन्हा उतरवायचं. त्यामुळे आधी विचार, मग बटण. मोबाइलवरच्या ॲपमध्ये चूक क्षणात मागे घेता येते. ही मोठी सोय आहे, पण तिच्यामुळे एक सवय लागते: जे जे मिळेल ते वर चढवत जायचं. एक थर संगीताचा, एक वाऱ्याचा, एक किंकाळीचा, वर चमकणारी अक्षरं. आमच्या पहिल्या फिल्ममध्ये नेमकं तेच झालं होतं.

आता संगीताकडे येतो, कारण चूक तिथं मोठी होती.

संगीत भीती निर्माण करतं याबद्दल शंका नाही. जॉन कार्पेंटर या अमेरिकन दिग्दर्शकानं १९७८ साली ‘हॅलोविन’ हा कमी पैशांतला भयपट केला. संगीत चढवण्याआधी त्यानं तो एका स्टुडिओच्या अधिकारी बाईंना दाखवला. त्यांना जराही भीती वाटली नाही. मग त्यानं स्वतःच, दोन-तीन दिवसांत, पियानो आणि सिंथेसायझरवर त्याचं संगीत केलं. त्यातली मुख्य धून पाच मात्रांची आहे. वडिलांनी लहानपणी बोंगोवर शिकवलेला हा ठेका होता. आपल्या झपतालाच्या दहा मात्रांचं हे निम्मं. पण चार-चारच्या चालीची सवय असलेल्या कानाला पाचवी मात्रा सतत ‘अजून काहीतरी उरलंय’ असं सांगत राहते. धून थांबत नाही आणि सुटतही नाही. सूर मोजकेच आहेत. कार्पेंटर काही मोठा वादक नव्हता, आणि हे मुद्दाम सांगतो ते हार्मोनियमवर जेमतेम बोटं फिरवणाऱ्या मुलांसाठी.

दुसऱ्या टोकाला आपल्याकडचं उदाहरण आहे, आणि तो भयपट नाही. १९३७ साली प्रभातच्या ‘कुंकू’मध्ये व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत बाजूला ठेवलं आणि प्रसंगांमागे नैसर्गिक आवाज वापरले. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या नीराची ती गोष्ट. त्या घरातलं घड्याळ नुसतं चालतं, आणि ते चालणं ऐकू येतं म्हणून त्या घरात कोंडल्यासारखं होतं. मागे व्हायोलिन असतं तर घड्याळ ऐकूच आलं नसतं. मुलांना मी ‘कुंकू’ दाखवायला बसवलं तेव्हा ते आधी कंटाळले, मग गप्प झाले.

म्हणजे प्रश्न संगीत हवं की नको हा नाही. संगीत प्रेक्षकाला काहीतरी सांगतं: आता घाबर, आता सावध हो, आता सुटलास. पहिल्या सेकंदापासून ते ‘घाबर’ सांगत राहिलं, तर बागेत प्रत्यक्ष काही घडतं तेव्हा सांगायला त्याच्याकडे काहीच उरत नाही. आई म्हणाली ते हेच.

आम्ही सगळं संगीत काढलं आणि पुन्हा बागेत गेलो, या वेळी फक्त आवाज टिपायला. याला काही मोठं यंत्र लागत नाही. मोबाइलचं व्हॉइस रेकॉर्डर चालू करायचं, माइकच्या बारीक छिद्रावर वारा थेट लागू नये म्हणून जुना पायमोजा चढवायचा, फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा आणि दोन मिनिटं श्वास धरल्यासारखं उभं राहायचं. काहीच चाललेलं नसतानाचा हा बागेचा आवाज फार कामाचा असतो. दोन तुकडे जोडताना मागचा आवाज तुटला की प्रेक्षकाला कळत नाही काय झालं, पण त्याचा विश्वास उडतो. हा अखंड थर खाली पसरला की सगळे सांधे बुजतात. आणि नेमका एका जागी तो थर कापला, म्हणजे रातकिडेसुद्धा थांबले, की अंगावर काटा येतो. खऱ्या बागेतही जवळ कुणी आलं की किडे गप्प होतात. शेतात वाढलेल्या प्रेक्षकाला हे शिकवावं लागत नाही.

आम्हाला तिथं आणखी दोन आवाज सापडले. एक, ठिबकच्या मुख्य पाइपात पाणी चढताना आतली हवा व्हॉल्व्हमधून बाहेर पडते तो. आधी लांब फुसकारा, मग घशातल्यासारखी गुरगुर. दुसरा, ऑटो स्टार्टरचा खटका. वीज आली की कुणी हात न लावता पेटीतून ‘खट्ट’ होतं. पुऱ्या शिवारात त्या क्षणी एकामागून एक असे खटके ऐकू येतात. ज्याच्या घरी शेती आहे त्याच्या हाडात हा आवाज बसलेला आहे. मुलांनी नेटवरून आणलेल्या तेरा किंकाळ्या फुकट गेल्या आणि हा एक खटका राहिला.

किंकाळीबद्दल विज्ञानानं एक छान गोष्ट शोधली आहे. डॅनियल ब्लमस्टाइन हे कॅलिफोर्निया विद्यापीठाचे (लॉस एंजेलिस) जीवशास्त्रज्ञ मार्मोट या डोंगरी खारीच्या जातीच्या प्राण्यांचा अभ्यास करत. पकडलेली पिल्लं ओरडतात तेव्हा त्यांचा आवाज फाटतो. स्वरयंत्रावर झेपेल त्यापेक्षा जास्त जोर पडल्यामुळे सुरात खरखर येते, सूर अचानक उडी मारतो. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मग १०२ चित्रपटांतल्या निवडक प्रसंगांचा आवाज तपासला आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापला: भयपटांत असेच फाटलेले, बेताल आवाज जास्त सापडतात. संगीतकारांनी ते पुस्तक वाचून केलेलं नव्हतं, कानानं केलेलं होतं. वासराची आई जवळ नसताना त्याचं हंबरणं, टिटवीचं रात्रीचं ओरडणं, नळाचा वाइसर झिजल्यावरचा आवाज, हे सगळे त्याच घराण्यातले. टिटवी ओरडली की आजी देव आठवायची. भयपटाच्या संगीतासाठी लायब्ररी शोधण्याआधी आपल्या घरात कोण कशाला दचकतं याची आठवण काढावी, असं मला मनापासून वाटतं.

वाद्यही घरात बनतं. रिचर्ड वॉटर्स या अमेरिकन कलावंतानं १९६०च्या दशकाच्या अखेरीस वॉटरफोन तयार केला: पातेल्यासारखं धातूचं भांडं, कडेला उभ्या सळ्या, आत थोडं पाणी. सळीवर गज ओढला की सूर निघतो आणि भांडं हललं की पाण्यामुळे तो सूर वाकतो. अनेक भयपटांत तो ऐकू येतो. आम्ही स्टीलच्या तपेलीत दोन पेले पाणी घेऊन तिच्या काठावर ओलं बोट आणि नंतर पट्टी फिरवली. मग ते रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये निम्म्या वेगानं वाजवलं. वेग निम्मा झाला की सूर बरोबर एक सप्तक खाली येतो आणि ओळखीची तपेली अनोळखी होते. पितळेचा टाळ असाच खाली आणला की तो देवळाचा राहत नाही.

इथं एक सापळा आहे. संगणकाला चांगले स्पीकर जोडून संकलन केलं तर घुमणारा खर्ज फार परिणामकारक वाटतो. पण आपली फिल्म लोक मोबाइलवर बघणार. मोबाइलचा स्पीकर एवढासा. दोनशे हर्ट्‌झच्या खालचं त्याच्यातून जवळजवळ बाहेरच पडत नाही. भाच्यानं घातलेला तो गंभीर घुमारा त्याच्याच मित्राच्या फोनवर पूर्ण गायब होता. उपाय असा की खर्जाच्या जोडीला त्याचीच एक-दोन सप्तकं वरची सावली ठेवायची. वरचे स्वरांश ऐकू आले की मेंदू खालचा मूळ स्वर स्वतः भरून काढतो. फोनवर तबला ऐकताना डग्ग्याचा घुमार आपल्याला ‘ऐकू’ येतो तो बराचसा असाच. म्हणून फिल्म तीन ठिकाणी ऐकून बघावी: फोनवर, हेडफोनवर आणि घरच्या टीव्हीवर.

आवाजाची पातळी हा दुसरा सापळा. बोलणं उणे बारा डेसिबलच्या आसपास ठेवावं आणि संगीत त्याच्या बरंच खाली. सगळंच वर नेलं तर धक्क्याला वर जायला जागा उरत नाही. यूट्यूब तर फार मोठ्यानं भरलेली फिल्म आपोआप सबंध खाली आणतं, आणि तिच्याबरोबर आपला धक्काही खाली येतो. आमच्या खटक्याच्या आधी आम्ही सात सेकंद जवळजवळ काहीच ठेवलं नाही. सात सेकंद हा संकलनाच्या टेबलावर फार मोठा वेळ असतो. भाचा तीनदा म्हणाला, कमी करू. मी धरून ठेवलं.

आणि खटका नेमका कुठं? पंचवीस फ्रेमच्या फिल्ममध्ये एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. प्रसारणाच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तर माणसाला खटकू लागतं, पण तो १२५ मिलिसेकंदांपर्यंत मागे राहिला तरी चालतो. याचं कारण आपल्या रोजच्या जगण्यात आहे. आवाज उजेडापेक्षा सावकाश चालतो. लांबच्या विहिरीवर घण पडलेला आधी दिसतो, मग ऐकू येतो. आधी ऐकू येणं मात्र निसर्गात होत नाही. आम्ही खटका चित्राच्या कटावर ठेवला, मग एक फ्रेम मागे, मग दोन. दोन फ्रेम मागे ठेवल्यावर तो खरा वाटला. हे नियम म्हणून घेऊ नका. आपल्या चित्रावर एकेक फ्रेम सरकवून बघा. या कामात सगळ्यात जास्त आनंद मला इथंच झाला.

उलट, हळू येणाऱ्या भीतीसाठी पुढच्या प्रसंगाचा आवाज आधीच्या चित्रावर मुद्दाम चढवतात. संकलक त्याला जे-कट म्हणतात. मुलगा अजून घरात चपला घालतोय आणि मागे बागेची पानं घासायला लागली आहेत. तो अजून निघालेला नाही, पण आपण बागेत पोचलो.

फिल्ममध्ये गाणं मात्र एक हवं होतं. भयपटातल्या गाण्याची गोष्ट काढली की आपल्याकडे ‘महल’ला टाळता येत नाही. १९४९, बॉम्बे टॉकीज, दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीत खेमचंद प्रकाश, आणि संकलन बिमल रॉय यांचं. जुन्या हवेलीत दुरून एका बाईचा सूर येतो आणि जवळ येत जातो. तेव्हा हा परिणाम देणारं यंत्र हाताशी नव्हतं. खोलीच्या मध्यभागी माइक ठेवला. वीसेक वर्षांच्या लता मंगेशकर कोपऱ्यातून गात हळूहळू चालत माइकपर्यंत आल्या. लताबाईंचं आजोळ आपल्याच खान्देशातलं, धुळे जिल्ह्यातलं थाळनेर. लहानपणी आजीकडून त्या गरब्याची गाणी शिकल्या. ‘महल’च्या बाबतीत मी थोडा हळवा आहे तो त्यामुळेही.

ती चाल इतकी खरी का वाटते? बोलणारा जवळ असला की त्याचा थेट आवाज जास्त आणि भिंतींवरून परतलेला कमी पोचतो. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज सहा डेसिबलनं उतरतो, पण खोलीभर पसरलेला परतीचा आवाज जवळपास तेवढाच राहतो. कान या दोहोंच्या प्रमाणावरून अंतर ओळखतो. म्हणून ॲपमध्ये आवाजाची दांडी नुसती खाली-वर केली तर गाणं लहान-मोठं होतं, लांबून येत नाही.

आम्ही लताबाईंच्या वाटेनं गेलो. आपल्याकडे भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली गुलाबाईची गाणी म्हणतात. कुणी भुलाबाई म्हणतं. माझ्या आईला त्यांतली कितीतरी पाठ आहेत. शब्द न म्हणता नुसती चाल गुणगुणायला सांगितली, नेहमीपेक्षा निम्म्या लयीत. रात्री पंखे बंद केले, फोन ओसरीवर ठेवला आणि आई मागच्या दारापासून माजघरातून गुणगुणत ओसरीपर्यंत चालत आली. मधे पैंजण नाही, काही नाही. फक्त फरशीवर तिची पावलं. लहान मुलींच्या खेळातली ती चाल सत्तरीच्या गळ्यातून, काळोखातून, हळू येताना ऐकली तेव्हा तिघं मुलं भिंतीला टेकली.

या निवडीमागे हक्काचाही विचार होता. सिनेमाचं गाणं उचलून लावलं तर यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा ते ओळखते, आणि मग फिल्मचा आवाज जातो किंवा फिल्मच जाते. ‘जुनं गाणं आहे, चालतं’ ही समजूत अपुरी आहे. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो, पण शब्द आणि चाल यांचा हक्क त्या त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. एकाच गाण्यात तीन वेगळी घड्याळं चालू असतात. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली लोकगीताची चाल स्वतःच्या घरच्या गळ्यातून घेतली की हा प्रश्न मिटतो. मुक्त परवान्याचं संगीत घेतलं, तर बहुतेक परवान्यांत एक अट असतेच: कर्त्याचं नाव द्या. म्हणजे संगीताचा धागा थेट अक्षरांकडे जातो.

अक्षरांचं महत्त्व कळायला जॉर्ज रोमेरोची गोष्ट पुरेशी आहे. पिट्सबर्ग शहरातल्या मंडळींनी स्वतः पैसे जमवून १९६८ मध्ये ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा भयपट केला. संगीतही त्यांनी तयार संग्रहातलं घेतलं. आधी चित्रपटाचं नाव ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’ होतं. वितरकानं नाव बदललं, नवी पाटी बसवली, आणि जुन्या पाटीबरोबर तिच्यावरची हक्काची ओळही गेली. त्या काळच्या अमेरिकन कायद्यात ती ओळ छापलेली असणं सक्तीचं होतं. जगभर गाजलेला तो चित्रपट त्यामुळे सार्वजनिक मालकीचा झाला. कुणीही छापावा, कुणीही विकावा. एका पाटीनं केलेलं हे नुकसान आहे. (भारतात असा हक्क आपोआप मिळतो, पाटीवर अवलंबून नसतो. तरी वर्ष आणि नाव लिहावंच.)

मराठी अक्षरांचा त्रास आणखी वेगळा. आपलं ॲप देवनागरी नीट मांडतं की नाही हे बघायला एक शब्द पुरतो: ‘दिग्दर्शन’. त्यात व्यंजनाच्या नंतर उच्चारायची पण आधी लिहायची पहिली वेलांटी आहे, जोडाक्षर आहे आणि रफार आहे. जुन्या मजकूर-यंत्रणेत वेलांटी भलत्या अक्षरावर बसते, हलन्ताचा पाय लोंबतो, रफार सुटून ‘र’ वेगळा पडतो. प्रीमियरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठीचा पर्याय निवडला की हे सुटतं. मोबाइलवर सुटलं नाही तर पाटी दुसरीकडे पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी चित्रात तयार करून फिल्मवर ठेवावी. बेंगरूळ मोडलेल्या अक्षरांत दिग्दर्शकाचं नाव बघणं मला सहन होत नाही. आणि भाषेची अशी मोडतोड ‘चालतंय’ म्हणून सोडून देऊ नये.

इंग्रजी भयपटांच्या पाट्यांत अक्षरं हळूहळू एकमेकांपासून लांब सरकतात. ते आपल्याकडे तसंच केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. पण हाच गुण उलटा वापरता येतो. शिरोरेषा ही आपल्या अक्षरांची छपरासारखी आडवी तुळई. आमच्या पाटीत ‘रात्रीची लाइट’ नेहमीसारखं उमटतं. मग फक्त शिरोरेषा, विजेच्या तारेसारखी, एकदा थरथरते आणि विझते. खाली अक्षरं लोंबत राहतात. बाकी काही नाही. रक्ताचे थेंब काढून टाकले.

वळण निवडताना आम्ही सावदा स्टेशनवर गेलो. पिवळ्या पाटीवरचं काळं ‘सावदा’ बघितलं. केळीचे घड भरून दिल्लीकडे रवाना झालेल्या किती वाघिणींनी ती पाटी मागे टाकली असेल. रेल्वेच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून प्रेरणा घेतलेला ‘यात्रा वन’ हा टंक फुकट मिळतो. ‘एक टाइप’ या संस्थेनं केलेले ‘मुक्ता’, ‘बलू’ हेही मिळतात. रोजच्या, घरगुती वळणाच्या अक्षरात भयपटाचं नाव लिहिलं की ते जास्त बोचतं, असं माझं मत झालं आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं घडवली तेव्हा अक्षरातच नाटकाचा जीव घातला. ‘मत्स्यगंधा’च्या अक्षरांत त्यांनी मासा आणला. त्यांच्या जाहिरातींची कात्रणं शोधून बघावीत, मग बाजारातल्या तयार ‘हॉरर फॉन्ट’कडे हात जात नाही.

पाटी किती वेळ? स्वतः दोनदा मनात सावकाश वाचून होईल तेवढी. आणि कुठं? मुलांनी ती अगदी पहिली ठेवली होती. आम्ही ती सव्वा मिनिटावर नेली: मुलगा घराचं दार ओढून घेतो, अंधार, मग नाव. तोवर प्रेक्षकाला ती एका आजारी बापाची गोष्ट वाटते. भयपट आहे हे पाटीनं सांगायचं, पण प्रेक्षक घरात रुळल्यावर.

एका पाटीवरून मात्र आमचं भांडण झालं. मुलांना ‘सत्य घटनेवर आधारित’ लिहायचं होतं. १९९९च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’नं सुरुवातीच्या दोन-तीन ओळींत, हे विद्यार्थी जंगलात हरवले आणि त्यांचं चित्रीकरण नंतर सापडलं असं सांगितलं, आणि बऱ्याच जणांनी ते खरं मानलं, हे त्यांनी वाचलं होतं. मी नाही म्हणालो, आणि अजूनही नाहीच म्हणतो. आमच्या फिल्ममध्ये शिवार ओळखू येतं, बांध ओळखू येतो. उद्या कुणी म्हणेल फिल्ममध्ये गुणगुणणारी बाई म्हणजे अमुक मळ्यातली. सातपुड्याच्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या घटना आपण वाचल्या आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या राज्यात, त्याच डोंगराच्या पायथ्याशी, खोटी ‘सत्य घटना’ लिहायची नाही. रात्र झाली तरी भाचा ऐकेना. शेवटी त्यानंच पाटी लिहिली: ‘ही गोष्ट रचलेली आहे. बाग खरी आहे.’ ती मला मूळ कल्पनेपेक्षा कितीतरी भीतिदायक वाटली आणि आम्ही तीच ठेवली.

राहिली श्रेयनामावली. ‘महल’च्या त्या गाण्याच्या पहिल्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ असं नाव होतं, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. रेडिओवर गाणं ऐकून लोकांनी विचारणा केली तेव्हा खरं नाव बाहेर आलं. त्यामुळे नावांच्या बाबतीत मी हट्टी आहे. ज्यानं बॅटरी धरली त्याचं नाव, ज्यांच्या बागेत चित्रण केलं त्यांचं नाव, चहा आणणाऱ्या मुलाचं नाव. नावं वर सरकत ठेवायची असतील तर फार वेगानं नकोत. मोबाइलवर ती थरथरतात आणि वाचता येत नाहीत. आम्ही ती सरकवलीच नाहीत, काळ्या पडद्यावर एकेक उमटवली. संगीत नाही, फक्त बागेचा तो दोन मिनिटांचा थर. शेवटची पाटी आईची: ‘आवाज’, आणि खाली तिचं पूर्ण नाव. त्यानंतर पडदा काळाच ठेवून सात सेकंद.

पुन्हा सगळे जमले. आई पुढं खुर्चीवर, मी शेजारी. या वेळी खोलीत कुणी बोललं नाही. नावं आली, गेली. आईनं स्वतःचं नाव ओठ हलवत वाचलं आणि पदर सावरून उठायला लागली. तेवढ्यात काळ्या पडद्यावर खट्ट झालं. तिनं माझं मनगट धरलं, आणि घरातले दिवे लावेपर्यंत सोडलं नाही.